शेवटचे वापरकर्ते अजून आहेत. ड्रायव्हर काढू का?

पत्र:

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, एका जुन्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या कोडची) देखभाल मी गेली नऊ वर्षं करतो आहे. नोकरी वेगळी आहे, हे काम फावल्या वेळातलं. कार्ड आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये बसणारं, सेकंदाला 10 मेगाबिटवालं. माझ्याकडचं शेवटचं कार्ड चार वर्षांपूर्वी जळालं, तेव्हापासून आलेले पॅच, म्हणजे कोडमधले बदल, मी नुसते कंपाइल करून पुढे पाठवतो. आता कोणी वापरत नसेल असं समजून गेल्या महिन्यात ड्रायव्हर काढून टाकण्याचा पॅच चर्चेला ठेवला, तर आठवड्यात तीन पत्रं आली. एक जुनी यंत्रं जपणाऱ्या हौशी माणसाचं. दुसऱ्यात नुसत्या शिव्या. तिसरं एका प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंचं. मोजमापाचं जुनं उपकरण, ते सीरियल पोर्टने शेजारच्या पेंटियम थ्री संगणकाला जोडलेलं, त्यावर डेबियन 12 हे लिनक्स, आणि रोजचे आकडे सर्व्हरवर जातात ते याच कार्डातून. "नवं उपकरण घ्यायला पैसे मंजूर होणार नाहीत, कृपया काढू नका," असं त्यांनी लिहिलंय. सहकारी म्हणतात, तीन माणसांसाठी हा कचरा किती दिवस सांभाळणार? मला बाईंचं पत्र डोक्यातून जात नाही. ठेवलं तर खोटं वाटतं, काढलं तर पाप. काय करू?

— थकलेला मेंटेनर

उत्तर:

नमस्कार,

ड्रायव्हर काढा. पण आत्ताच्या पॅचने नको, आणि त्या बाईंना उत्तर लिहिण्याआधी तर मुळीच नको.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी चारदा वाचलं. कार्ड जळालं, तेव्हापासून पॅच नुसते कंपाइल करून पुढे जातात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, आणि ते तुम्हाला आतून कळलेलंही आहे. त्याशिवाय "ठेवलं तर खोटं वाटतं" हे तुम्ही लिहिलंच नसतं.

बाकीच्या वाचकांसाठी जरा फोड करून सांगते. कर्नल बाहेरच्या जगाला, म्हणजे त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमना, दिलेला शब्द मोडत नाही. काल चालत होता तो प्रोग्रॅम आज चाललाच पाहिजे, याबाबतीत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स कोणाची गय करत नाहीत. आतल्या बाजूला मात्र कोणी कोणाला असा शब्द दिलेला नाही. आतली फंक्शनं सतत बदलतात, आणि जो बदलेल त्यानेच ती वापरणारा प्रत्येक ड्रायव्हर सावरून घ्यायचा, असा रिवाज आहे. 2017 मध्ये टायमर मांडण्याची पद्धत बदलली तेव्हा शेकडो फायलींना हात लावावा लागला. त्या सगळ्या फायलींमागची कार्डं बदल करणाऱ्यांच्या टेबलावर असणं शक्यच नव्हतं. तुमच्या ड्रायव्हरमध्येही चार वर्षांत असे बदल आले असतील आणि तुम्ही ते कंपाइल करून पाठवले असतील. कंपाइल झालं म्हणजे कोड सी भाषेच्या नियमात बसला, एवढंच. कार्डाला तो पटला का, हे कार्डच सांगणार, आणि तुमचं कार्ड जळालेलं आहे.

म्हणजे आज ताज्या कर्नलमध्ये तो ड्रायव्हर चालतो का, हे जगात कोणालाच माहीत नाही. तुम्हालाही नाही आणि त्या बाईंनाही नाही. डेबियन 12 चा कर्नल 6.1 आहे, आणि 6.1 आला 2022 च्या डिसेंबरात. त्यांच्याकडे जे चालतंय ते तेव्हाचं. "कृपया काढू नका" असं त्या म्हणतात तेव्हा, ड्रायव्हर यादीत दिसतोय म्हणजे कोणीतरी त्याची काळजी घेतंय, असं त्या धरून चालल्या आहेत. तशी काळजी घेणारं आता कोणी उरलेलं नाही, हे त्यांना सांगणारे तुम्ही एकटेच आहात.

म्हणून "किती जण वापरतात" हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याचं उत्तर मिळत नाही, आणि मिळालं तरी त्याने काही ठरत नाही. तीन जण असोत की तीनशे, नव्या कर्नलवर कार्ड लावून, काय दिसलं ते कळवणारा त्यांच्यात कोणीच नसेल, तर ड्रायव्हर बेवारस आहे. उलट एक जण असला आणि तो दर दोन महिन्यांनी नवा कर्नल चालवून बघणारा असला, तर त्या एकट्यासाठीसुद्धा ड्रायव्हर ठेवायला माझी ना नाही. पॅरलल पोर्टला जोडायच्या जुन्या डिस्क आठवतात? त्यांचे ड्रायव्हर कित्येक वर्षं कोपऱ्यात पडून होते. ते काढणं सोपं होतं. पण ती उपकरणं घरात असलेल्या एका विकसकाने बसून सगळं नव्या पद्धतीने लिहून काढलं. 2023 मध्ये नवा कोड आत आला आणि जुना बाहेर गेला. फ्लॉपीचंही तसंच. 2019 मध्ये मेंटेनरकडे चालू ड्राइव्ह उरला नाही म्हणून टोरवाल्ड्स यांनी तो ड्रायव्हर बेवारस ठरवला, पुढे दुसऱ्या एकाने तो अंगावर घेतला. दोन्ही वेळेला वापरणाऱ्यांची डोकी कोणी मोजली नव्हती.

आता सुरक्षेबद्दल. काढण्याच्या पॅचमध्ये हे कारण घालण्याचा मोह तुम्हाला होईल, सहकारी सुचवतीलही. सांभाळून. हे कारण खरं कधी असतं, ते 2025 च्या ऑक्टोबरात दिसलं. एका जुन्या अगेर मोडेमचा ड्रायव्हर विंडोजबरोबर वर्षानुवर्षं आपोआप येत होता. त्यात भोक सापडलं आणि हल्लेखोर ते वापरतही होते. मोडेम संगणकाला जोडलेला असण्याचीही गरज नव्हती, ती फाइल यंत्रावर असणं पुरेसं होतं. मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर दुरुस्त करत न बसता त्या महिन्याच्या अपडेटमधून काढूनच टाकला, आणि त्यावर अवलंबून असलेले फॅक्स मोडेम बंद पडतील असं सांगून टाकलं. घराला आग लागली असताना आधी नोटीस द्या असं कोणी म्हणत नाही, तेव्हा तो निर्णय मला मान्य आहे. तुमचं प्रकरण तसं नाही. तुमचा ड्रायव्हर वेगळं मॉड्यूल आहे, आयएसएचं कार्ड ज्याच्याकडे आहे तोच ते मुद्दाम लोड करणार, बाकीच्यांच्या यंत्रावर ते नुसतं डिस्कवर पडून राहणार. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही, पण तो पुढे करून बाईंना घाबरवणं बरोबर नाही. खरं कारण पुरेसं भक्कम आहे. तपासायला कार्ड नाही आणि तपासणारा माणूस नाही, हेच लिहा.

मी स्वतः एकदा या कामात चुकले आहे, ते सांगते, कारण तुमच्या पॅचमध्ये तीच चूक होऊ घातली आहे.

एका जुन्या, चार पोर्टच्या सीरियल कार्डाचा ड्रायव्हर माझ्याकडे होता. रीतसर इशारा टाकला: हा ड्रायव्हर लवकरच काढला जाईल, वापरत असाल तर कळवा. दोन आवृत्त्या थांबले. चिटपाखरू बोललं नाही. काढला, आणि विसरूनही गेले. दीड वर्षाने एका कारखान्यातून पत्र आलं. सोबत स्क्रीनचा फोटो, मोबाइलवर काढलेला, काचेवर ट्यूबलाइटचा पट्टा उमटलेला. वरच्या अर्ध्या भागात जुन्या कर्नलचा लॉग (त्याची नोंदवही), त्यात चार पोर्टच्या चार ओळी. खालच्या अर्ध्यात अपग्रेडनंतरचा लॉग, आणि त्या चार ओळींच्या जागी काहीच नाही. माणसाने लाल पेनाने मधल्या रिकाम्या जागेला गोल केला होता. खाली एवढंच लिहिलं होतं: "आमचं काय चुकलं?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ते एका एलटीएस आवृत्तीवरून, म्हणजे दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या कर्नलवरून, थेट पुढच्या एलटीएसवर गेले होते, जसे शहाणे लोक जातात. माझा इशारा आणि माझं काढणं, दोन्ही मधल्या आवृत्त्यांमध्ये उरकलं होतं. इशारा त्यांच्या पडद्यावर उमटलाच नाही. मी ज्या शांततेला होकार समजले होते ती शांतता एवढ्याचीच होती: जुनं हार्डवेअर चालवणारी माणसं ताजं कर्नल चालवत नाहीत. जुनं यंत्र चालू ठेवायची त्यांची रीतच मुळी कशाला हात न लावण्याची असते.

ड्रायव्हर परत आणायला गेले तर काढणं उलट फिरवायला पाच मिनिटं लागली आणि तो चालता करायला सात आठवडे, कारण दरम्यान आतलं सगळं बदललेलं. त्या माणसाने रोज काम संपल्यावर यंत्र थांबवून माझा पॅच चालवून बघितला. आज त्या ड्रायव्हरला तपासणारा आहे, आणि तो तोच आहे.

तेव्हा तारीख ठरवताना एलटीएसचं वेळापत्रक समोर घ्या. ज्यांनी हे नीट केलं त्यांच्याकडे बघा. रायझरएफएस ही फाइल सिस्टिम 2022 मध्ये कालबाह्य ठरवली गेली आणि ती काढली गेली 6.13 मध्ये, 2025 च्या जानेवारीत. मधली अडीच-पावणेतीन वर्षं लोकांना आपला डेटा दुसरीकडे हलवायला मिळाली, आणि 6.13 च्या लगेच आधीचा 6.12 हा एलटीएस, त्यात ती शाबूत. इटेनियम प्रोसेसरचा आधार 6.7 मध्ये गेला, 6.6 हा एलटीएस निघाल्यावर लगेच. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी जुन्या 10 आणि 100 मेगाबिट कार्डांचे ड्रायव्हर काढताना आधी यादी जाहीर केली, कोण काय वापरतं ते विचारलं, आवृत्ती 12 मध्ये इशारा उमटवला आणि 13 मध्ये काढले. ज्या कार्डांचे वापरकर्ते पुढे आले त्यातली काही यादीतून वगळलीही.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. आत्ताचा पॅच मागे घ्या. त्याऐवजी इशाऱ्याचा छोटा पॅच पाठवा, आणि तो पुढच्या एलटीएसमध्ये असेल याची खात्री करा. काढायचा तो त्यानंतरच्या एलटीएसच्या पाठोपाठ येणाऱ्या आवृत्तीत. एलटीएस साधारण वर्षाला एक निघतो, म्हणजे हे दीड-दोन वर्षांचं काम झालं. इतकी वर्षं ओढलंत, आणखी एवढं ओढा. सहकारी कुरकुरतील. त्यांना सांगा की तारीख पक्की आहे, भिजत घोंगडं राहणार नाही. माझ्या अनुभवात लोक जुन्या कोडला तितके वैतागत नाहीत, तो कधी जाणार हे माहीत नसण्याला वैतागतात.

इशारा कार्ड सापडल्यावरच उमटू दे, नाहीतर ज्याचा संबंध नाही त्याच्याही लॉगमध्ये दिसेल आणि कोणीच वाचणार नाही. त्यात तुमचा पत्ता असू दे आणि एक स्पष्ट मागणी: "हे दिसत असेल तर कर्नलची आवृत्ती आणि कार्डावरचा नंबर कळवा." "काढला जाईल" एवढ्यावर थांबू नका, कोणत्या आवृत्तीत ते लिहा. जुन्या एलटीएसमध्येही हा इशारा घ्याल का, असं विचारून बघा. तिथले नियम दुरुस्त्यांसाठी आहेत, बहुधा नाही म्हणतील. मग डिस्ट्रिब्युशनवाल्यांना, म्हणजे डेबियनसारख्यांना, लिहून त्यांच्या प्रकाशन टिपणात एक ओळ घालायला सांगा. अपग्रेड करण्याआधी ती टिपणं वाचणारी माणसं असतात, आणि प्रयोगशाळेत तर नक्की असतात.

आता तीन पत्रं. शिव्यांच्या पत्राला एकदाच, दोन ओळींचं, सभ्य उत्तर द्या: कार्ड असेल तर तपासायला या. आला तर शिव्या विसरून जा. नाही आला तर पुढच्या पत्रांना उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

हौशी माणसाची काळजी मला कमी वाटते. त्याचं यंत्र त्या काळातलं, त्याला त्या काळातलं कर्नल शोभून दिसतं. काढलेला कोड गिटच्या, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपणाऱ्या प्रणालीच्या, इतिहासात कायम राहतो, कोणत्या आवृत्तीपर्यंत होता ते कळलं की पाच मिनिटांत हातात येतो. इटेनियमचा आधार गेल्यावर काही हौशी मंडळींनी तो मुख्य कर्नलच्या बाहेर जपायला घेतला, तसं यालाही करता येईल. हे प्रेमाने सांगा. अशा लोकांनीच पुष्कळ जुनं ज्ञान टिकवून ठेवलंय. त्याच्याकडे दोन कार्डं असतील आणि एक तुमच्याकडे पाठवायची तयारी असेल, तर तेही विचारून घ्या.

प्रयोगशाळेचं पत्र वेगळं आहे, आणि तुमची झोप त्याने उडवली ते योग्यच झालं. मात्र पत्रात काय लिहिलंय ते नीट बघा. मोजमापाचं उपकरण सीरियल पोर्टवर आहे. तुमचं कार्ड आकडे फक्त सर्व्हरवर पोचवतं. उपकरण तुमच्या कार्डाला बांधलेलं नाही! पेंटियम थ्रीच्या काळातल्या बहुतेक मदरबोर्डांवर आयएसएच्या स्लॉटशेजारी पीसीआय या त्यानंतरच्या पद्धतीचे स्लॉटही असतात. बाईंना म्हणावं, संगणक बंद करा, प्लग काढा, झाकण उघडा आणि फोटो पाठवा. आयएसएचे स्लॉट लांब आणि बहुधा काळे असतात, पीसीआयचे आखूड आणि बहुधा पांढरे. एक जरी पांढरा स्लॉट रिकामा दिसला, तरी आजही सांभाळला जाणारा ड्रायव्हर असलेलं पीसीआय नेटवर्क कार्ड तिथे बसेल, आणि तुमच्या कार्डाचा प्रश्न एका दुपारीत मिटेल. उपकरणासाठी पैसे मंजूर होणार नाहीत हे खरं असेल, पण वापरलेल्या नेटवर्क कार्डासाठी बहुधा मंजुरीच लागणार नाही.

स्लॉट रिकामा नसेल, किंवा त्या संगणकाला हात लावायला त्या धजत नसतील (आणि मी त्यांना दोष देणार नाही, पंचवीस वर्षांचा पॉवर सप्लाय बंद केल्यावर परत सुरू होईलच असं नाही), तर दुसरी वाट आहे. एक छोटा नवा संगणक शेजारी ठेवायचा, उपकरणाची सीरियल केबल यूएसबी अडॅप्टरमार्फत त्याला जोडायची, आणि आकडे घेण्याचा प्रोग्रॅम त्यावर हलवायचा. यात कष्ट आहेत, प्रोग्रॅम कोणी आणि कशात लिहिला त्यावर सगळं अवलंबून. पण तसं केलं तर जुन्या संगणकाचंच ओझं जातं, एका कार्डाचं नव्हे.

आणि एक गोष्ट त्यांना आत्ताच सांगायला हवी, जी तुमच्या ड्रायव्हरपेक्षा मोठी आहे. डेबियन 13 मध्ये, 2025 च्या ऑगस्टपासून, 32 बिटच्या पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर मिळणं बंद झालं आहे. म्हणजे त्यांच्या पेंटियम थ्रीवर डेबियनचा पुढचा कर्नल येणारच नाही. तुम्ही ड्रायव्हर उद्या काढा की दहा वर्षांनी, तुमचा पॅच डेबियनच्या वाटेने त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ज्या पापाची तुम्हाला भीती वाटते ते तुमच्या हातून घडूच शकत नाही. मात्र त्यांची गाडी शेवटच्या स्टेशनावर उभी आहे आणि त्यांना ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. तेव्हा त्या संगणकाचं इंटरनेट तोडायला सांगा, सर्व्हरपुरतंच जाळं ठेवायला सांगा, आणि डिस्कची अख्खी प्रत काढून दोन ठिकाणी ठेवायला सांगा. त्या वयाच्या यंत्रात ड्रायव्हरच्या आधी डिस्क जाण्याची शक्यता जास्त.

तुम्ही "पाप" हा शब्द वापरलात म्हणून एवढं सांगते. 386 या प्रोसेसरचा आधार लिनक्समधून 3.8 या आवृत्तीत, 2013 मध्ये, काढला गेला. टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते 386 वरच. ज्या अंगणात ते रांगलं ते अंगणच बंद केलं, आणि ते करताना आपण भावुक नसल्याचं टोरवाल्ड्स यांनी सरळ लिहिलं. मला स्वतःला तेवढं कोरडं होता येत नाही, तुम्हालाही येणार नाही, आणि यायला हवंच असंही नाही. तुम्ही नऊ वर्षं फुकट राबलात. जळालेल्या कार्डाच्या जागी स्वतःच्या खिशातून दुसरं शोधत बसायला तुम्ही बांधील नाही. वापरणाऱ्याला वेळ, खरी माहिती आणि पुढची वाट, एवढं तुमच्याकडून मागायचा हक्क आहे. आणखी नऊ वर्षं मागायचा नाही.

आज रात्री कोडला हात लावू नका. बाईंना पत्र लिहा. लांबलचक नको, असं काहीसं चालेल:

"नमस्कार. तुमचं पत्र मिळालं, कळवलंत हे फार बरं केलंत. हा ड्रायव्हर तपासायला माझ्याकडे चार वर्षांपासून कार्ड नाही, त्यामुळे तो नव्या कर्नलवर चालतो की नाही हे मी सांगू शकत नाही. मी तो काढणार आहे, पण लगेच नाही, आणि तुमच्या आत्ताच्या डेबियनवर त्याचा काही परिणाम होणार नाही. तुमचं उपकरण माझ्या कार्डावाचूनही चालू राहू शकेल असं मला वाटतं. त्यासाठी चार गोष्टी हव्यात: संगणकाच्या आतला फोटो, कार्डावर छापलेला नंबर, कर्नलच्या लॉगची प्रत, आणि आकडे घेणारा प्रोग्रॅम कोणता ते. तुमच्याकडे असंच आणखी एखादं यंत्र असेल आणि त्यावर नवा कर्नल चालवून बघायची तयारी असेल, तर तेही कळवा. मग काढण्याबद्दल मी पुन्हा विचार करेन."

शेवटची दोन वाक्यं मनापासून वाटत असतील तरच ठेवा. त्या हो म्हणाल्या, तर तुम्हाला खरोखर पुन्हा विचार करावा लागेल.